हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर-ॲक्शन रायफल: कॅलिबर आणि काडतूस कसं निवडावं

हा लेख अमेरिकेतल्या परवानाधारक शिकारीपुरता आहे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे इथलं काहीही तिकडे लागू करू नका. पण पेनसिल्व्हेनिया किंवा ओहायोत राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाला शेजाऱ्याने हंगामात सोबत यायला बोलावलं, तर दुकानातल्या काडतुसांच्या भिंतीसमोर उभं राहून गोंधळ होणं साहजिक आहे. त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी कायदा, मग दुकान

एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगण्याची तुम्हाला मुळात मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यांपैकी आपल्या कामाचा एक म्हणजे कुठल्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना. परवान्याची मुदत संपली की तो अपवादही संपतो, म्हणजे घरात पडून असलेली रायफलसुद्धा गुन्हा ठरू शकते. त्यामुळे आधी शिकारी सुरक्षा प्रशिक्षण, मग परवाना आणि त्यानंतरच खरेदी. शंका असेल तर वकिलाला विचारा, दुकानदाराला नव्हे.

पुढे राज्याचे नियम येतात. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल चालत नाही. तिथे लिव्हर-ॲक्शनची, म्हणजे ट्रिगरखालची दांडी हाताने खाली-वर करून पुढचं काडतूस भरायच्या रायफलीची, परंपरा टिकण्याचं तेही एक कारण आहे. ओहायोत २०१४ पासून रायफलला परवानगी आहे, पण फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाकडे न निमुळत्या होणाऱ्या काडतुसांना. थर्टी-थर्टी या सर्वांत प्रसिद्ध लिव्हर-ॲक्शन काडतुसाची मान निमुळती असल्याने ते तिथे बाद होतं, फोर्टी-फोर मॅग्नम आणि फोर्टी-फाइव्ह सेव्हन्टी चालतात. कोलोरॅडोत शंभर यार्डांवर गोळीची ऊर्जा किमान १,००० फूट-पाउंड असलीच पाहिजे. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. नियम दरवर्षी बदलतात, त्यामुळे चालू वर्षाची पुस्तिका स्वतः वाचा.

आपलं अंतर मोजा

कॅलिबरची (म्हणजे बॅरलच्या आतल्या व्यासाची, आणि त्यानुसार काडतुसाची) चर्चा नेहमी ताकदीपासून सुरू होते, आणि माझ्या मते तिथेच ती चुकते. व्हाइटटेल हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा साधारण आठ इंच रुंदीची असते. तेवढ्या जागेत गोळी बसली तर ते जनावर काही क्षणांत कोसळतं. बाहेर गेली तर ते जखमी होऊन तासन्‌तास तडफडतं, आणि कुठलंही मोठं कॅलिबर ती चूक भरून काढत नाही.

म्हणून परवाना हातात आल्यावर रेंजवर भाड्याची किंवा मित्राची रायफल त्याच्यासमोरच चालवून बघा. आठ इंची कागदी प्लेट पन्नास यार्डांवर लावा. टेबलाचा आधार न घेता, गुडघ्यावर बसून किंवा उभ्याने पाच गोळ्या झाडा. पाचही प्लेटमध्ये बसल्या तर पंचवीस यार्ड मागे सरका. जिथे एक जरी बाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर ही तुमची मर्यादा. नवशिक्याची मर्यादा बहुतेकदा शंभर यार्डांच्या आत निघते. त्यात कमीपणा काही नाही, दाट झाडीत त्याहून लांबचं मोकळं दिसतंही क्वचितच.

मग कॅलिबर

राज्याचा नियम आड येत नसेल तर थर्टी-थर्टी विंचेस्टर घ्या. १८९५ मध्ये विंचेस्टरच्या १८९४ मॉडेलसाठी हे काडतूस बाजारात आलं, आणि आजही लिव्हर-ॲक्शन म्हटलं की हेच आठवतं. दीडशे ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी सेकंदाला साधारण २,४०० फुटांनी निघते, १७० ग्रेनची २,२०० फुटांनी. हरणासाठी हे दीडशे यार्डांपर्यंत पुरेसं आहे, आणि धक्का इतका सौम्य की सरावात खांदा दुखत नाही. ज्या रायफलीचा सराव नकोसा होतो तिने नेम कधीच बसत नाही.

थर्टी-फाइव्ह रेमिंग्टनची (१९०६) २०० ग्रेनची गोळी झाडीत उत्तम, पण काडतुसं मिळवायला फिरावं लागतं. फोर्टी-फोर मॅग्नम मुळात रिव्हॉल्व्हरचं काडतूस. रायफलीच्या लांब बॅरलमधून त्याचा वेग बराच वाढतो आणि शंभर यार्डांपर्यंत ते चोख काम करतं. थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम मी नवशिक्याला सुचवणार नाही, त्यात चुकीला जागाच उरत नाही. फोर्टी-फाइव्ह सेव्हन्टी १८७३चं, वजनदार आणि दणदणीत. ओहायोसारख्या राज्यात ते चालतं, पण हरणासाठी त्याची गरज क्वचितच पडते.

नळीच्या मॅगझिनचा नियम

बहुतेक लिव्हर-ॲक्शन रायफलींत काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकामागोमाग एक बसतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरला, म्हणजे बुडातल्या दारू पेटवणाऱ्या टोपीला, टेकलेलं असतं. टोक कडक आणि अणकुचीदार असेल तर गोळी झाडल्यावरच्या धक्क्याने पुढचं काडतूस नळीतच उडू शकतं. म्हणून अशा रायफलीत चपट्या किंवा गोलसर टोकाचीच गोळी घालायची. अपवाद म्हणजे हॉर्नाडीची लेव्हरएव्होल्यूशन काडतुसं: टोक अणकुचीदार, पण मऊ, दाबल्यावर दबणारं.

खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. एक काडतूस तळहातावर घ्या, टोकावर अंगठा फिरवा, बुडावर कोरलेली अक्षरं वाचा आणि ती बॅरलवरच्या अक्षरांशी ताडून पाहा. जुळली नाहीत तर खोकं परत ठेवा. ब्राउनिंग बीएलआरसारख्या डब्याच्या मॅगझिनच्या रायफलींना हा टोकाचा नियम नाही, त्यांत अणकुचीदार गोळ्यांची थ्री-ओ-एट काडतुसंही चालतात.

फोर्टी-फाइव्ह सेव्हन्टीबाबत आणखी एक सावधगिरी. आधुनिक रायफलींसाठीची जोरदार काडतुसं एकोणिसाव्या शतकातल्या ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डमध्ये घातली तर बंदूक फुटू शकते. खोक्यावरचा इशारा वाचल्याशिवाय घेऊ नका.

गोळी कशाची हवी

हरणाला फुलणारी, म्हणजे सॉफ्ट पॉइंट गोळी लागते. पूर्ण धातूने मढवलेली आरपार जाऊन अरुंद जखम करते, ती फक्त सरावाला, आणि बऱ्याच राज्यांत शिकारीला निषिद्ध आहे. शिशाच्या गोळीचे बारीक तुकडे जखमेपासून लांबवर मांसात पसरतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. घरात लहान मुलं हे मांस खाणार असतील तर कायद्याची वाट न बघता तांब्याच्या गोळ्या घ्या. महाग पडतात, तरी माझा आग्रह तोच आहे.

शेवटची तपासणी

दोन-तीन कंपन्यांचं एकेक खोकं आणा. शंभर यार्डांवर, टेबलाच्या आधाराने, प्रत्येकाच्या तीन गोळ्यांचा गट पाडून बघा. एकच रायफल एका काडतुसावर दोन इंचांत गट पाडते आणि दुसऱ्यावर पाच इंच पसरते. जो गट घट्ट तेच काडतूस तुमचं, किंमत आणि जाहिरात बाजूला ठेवा. शंभरावर झीरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम आणि गोळी जुळवलेली) १७० ग्रेनची थर्टी-थर्टी दोनशे यार्डांवर आठ-नऊ इंच खाली पडते, म्हणजे हरणाच्या फुप्फुसांवर धरलेला नेम पायावर जातो.

निवडलेलं काडतूस हंगामभर पुरेल इतकं एकदम घ्या, शक्यतो सगळ्या खोक्यांवर एकच लॉट नंबर असलेलं. पुढच्या वर्षी लॉट किंवा गोळीचं वजन बदललं, तर जंगलात जाण्याआधी झीरो पुन्हा तपासा.