जड गाडी विकून हलकी घेताय? मग या चुका तरी टाळा

दिवाळी उलटली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "भाऊ, हिमालयन काढून टाकतो. आता हलकी घ्यायची." हिमालयन म्हणजे रॉयल एनफिल्डची जड मोटरसायकल. निर्णयाला माझी ना नाही. दोनशे किलोची गाडी धुळे-जळगाव हायवेवर शोभते. पण सातपुड्यात पाल, तोरणमाळ, चांदसैली, मोलगी या बाजूला एकट्याने हिंडायची हौस असेल, तर ती घाटातल्या वळणावर आडवी झाली की उचलताना घाम फुटतो. विकली, चांगलं केलं. माझं डोकं फिरतं ते दोन महिन्यांनी. हाच माणूस तोपर्यंत जड गाडीवरच्या सगळ्या सवयी हलक्या गाडीवर घेऊन आलेला असतो आणि वर मलाच ऐकवतो, "मजाच नही येई राहिनी भो."

आमच्याकडे सगळ्यात जास्त बदल होतो तो हिमालयन ४११ वरून हिरोच्या हलक्या एक्सपल्स २०० फोर-व्हीवर, म्हणून आकडे त्यांचेच देतो. केटीएम ३९० किंवा त्याहून मोठ्या गाडीवरून खाली येणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू आहेत.

काढलेलं वजन पुन्हा लादणं

हिमालयन ४११ भरते १९९ किलो, एक्सपल्स फोर-व्ही १५८. फरक ४१ किलोचा. गाडी बदलायची ती या ४१ किलोंसाठी. आणि लोक काय करतात? डिलिव्हरीच्या दिवशीच लेग गार्ड, दोन्ही बाजूंची लोखंडी फ्रेम, पत्र्याचे पॅनियर म्हणजे बाजूच्या पेट्या, टॉप बॉक्स, दोन जादा लाइट आणि पेट्रोलचा कॅन बसवून घेतात. दुकानदार कशाला नाही म्हणेल?

आमच्यातला एक जण, भुसावळ बाजूचा. माणूस लाखात एक, पण घाई अंगात भिनलेली. गाडी घेऊन महिना झाला नव्हता तोवर तिचा बैल-पोळा करून टाकला होता. मी म्हटलं, चल, ओळखीच्या जिनिंगच्या काट्यावर चढवून बघू. कापसाच्या गाड्या मोजायचा तो काटा, पाच-दहा किलो इकडे-तिकडे सोडून द्या. गाडी आणि सामान मिळून दोनशेच्या वर गेलं. काट्यावरचा पोरगा हसला, हा नाही. "भाऊ, वजन बरोबर बसवलंय, दोन्ही बाजूला सारखं आहे," म्हणे.

प्रश्न नुसत्या किलोंचाही नाही, वजन बसलंय कुठे याचा आहे. पॅनियर आणि टॉप बॉक्स मागच्या चाकाच्या आखाच्याही मागे आणि उंचावर येतात. मागे भार पडला की पुढचं चाक हलकं होतं. मग चढावर हँडल ऐकत नाही आणि खडीवर पुढचं चाक आपल्या मनाने वाट शोधतं. जड गाडीचा स्वतःचा भार पुढे आणि खाली असल्याने तिथे हे फारसं जाणवत नाही. हलक्या गाडीवर वीस किलो मागे टाकले तर पहिल्या वळणावरच कळतं.

भुसावळच्या त्या गड्याला कळलं ते पावसाळ्यात, तापीकाठच्या एका पाणंदीत. चोपड्याकडून येताना हायवेवर गर्दी म्हणून शॉर्टकट घेतला. आपल्याकडची काळी माती ओली झाली की काय होते ते केळीच्या बागेत पाणी धरणाऱ्या माणसाला विचारा. ती चाकाला नुसती लागत नाही, बसते. मागचं चाक आणि ते ज्यात बसतं तो चिमटा यांच्यामध्ये चिखल इतका गच्च भरला की चाक फिरेना. याने ॲक्सिलरेटर पिळला, क्लच सोडला, पुन्हा पिळला. गाडी जागच्या जागी एका अंगावर कलली. पॅनियर चिखलात रुतला आणि उचलताना डावीकडच्या फ्रेमचं वेल्डिंग सुटलं. शेवटी बांधावरून दोन सालदार आले. सामान सोडवून डोक्यावर नेलं तेव्हा कुठे गाडी निघाली. हलकी गाडी घेऊनही माणसं बोलवायला लागली. मग विकली कशाला होती ती पहिली?

माझी सवय सांगतो. नवी गाडी आली की पहिला पावसाळा जाईपर्यंत तिला काहीही लावायचं नाही. कंपनीकडून आलेला इंजिनखालचा पत्रा आणि हँडगार्ड पुरेत. सामान कापडी बॅगेत, सीटवर, पाठीला टेकेल इतकं पुढे. अवजारं सगळ्यात खाली. मुक्कामाला एक कपडा अंगावर, एक बॅगेत. पॅनियरमध्ये रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो, म्हणून पॅनियरच नको. काळ्या मातीत पाऊस पडून गेला असेल तर शॉर्टकट घेतच नाही, हायवेवरच्या गर्दीला शिव्या देत जातो. अडकलोच तर गाडी बंद करून आधी काडीने चाकातला चिखल काढतो. पिळून कुणाचं चाक निघालेलं मी तरी पाहिलेलं नाही, क्लच प्लेटा जळालेल्या मात्र पाहिल्यात.

जुना गिअर, नवं इंजिन

घाटात मागे राहणारे हमखास हीच चूक करतात. हिमालयन ४११ चा ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, चार-साडेचार हजार आरपीएमलाच (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो. तिसऱ्यात टाकून आरामात चढा, ती ओढते. एक्सपल्स फोर-व्हीचा टॉर्क १७.३५, आणि तो येतो ६,५०० ला. पॉवर तर त्याच्याही वर. म्हणजे जुन्या गाडीला जिथे धाप लागायची, तिथे ही जागी होते.

पण हात जुनेच असतात. देवगोई घाटात माणूस तिसऱ्यात, इंजिन खालच्या आरपीएमला कण्हतंय, चेन खडखडतेय, आणि हा अर्धा क्लच दाबून तिला ओढून नेतोय. वर पोचल्यावर तक्रार: "पॉवरच नाही, विकायची." अरे, पॉवर आहे, तू तिथपर्यंत जातच नाहीस.

उपाय साधा आहे. घाट लागला की मनात जो गिअर येईल त्याच्या एक खाली. आवाज वाढला तर वाढू दे. लहान इंजिन ओरडण्यासाठीच बनवलेलं असतं, कण्हण्यासाठी नाही. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. पहिल्या महिन्यातच पुढचा स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलायला गॅरेजवर धावणाऱ्यांना मी परत पाठवतो. पुढचा एक दात कमी केला की मागे साधारण तीन दात वाढवल्यासारखं होतं. घाटात सोपं जातं, पण हायवेवर गाडी भुंगा होते. तो निर्णय वर्षभर चालवून झाल्यावर घ्यायचा.

हायवेचंही तसंच. सुरत-नागपूर हायवेवर ट्रकांच्या रांगेत शंभरला धरून ठेवायची ही गाडी नाही. ८०-८५ ला ठेवा आणि अर्धा तास आधी निघा. ज्याला हे जमणार नाही त्याने जड गाडीच ठेवावी, यात कमीपणा काही नाही.

ट्यूबलेसचं किट आणि ट्यूबवालं चाक

ही चूक अलॉय व्हीलच्या गाडीवरून आलेल्यांची, म्हणजे केटीएम ३९० ॲडव्हेंचरवाल्यांची जास्त. तिथे टायर ट्यूबलेस. खिळा लागला तर काढायचा, रबराची पट्टी खुपसायची, हवा भरायची, निघायचं. एक्सपल्सला स्पोकची चाकं आणि आत ट्यूब. पट्टी खुपसून काहीही होत नाही, उलट ट्यूबला आणखी एक भोक पडतं.

मोलगीच्या वाटेवर एकाच्या पुढच्या चाकात वेड्या बाभळीचा काटा गेला. याच्याकडे पट्ट्यांचं झकपक किट, छोटा कंप्रेसर, सगळं होतं, ट्यूब तेवढी नव्हती. आणि घाई अशी की "पुढच्या गावापर्यंत नेतो" म्हणत तशीच रेटली. बसलेल्या टायरवर गाडी चालवली की टायर रिमवर सरकतो, आतली ट्यूब त्याच्यासोबत फिरते आणि व्हॉल्व्ह मुळापासून उपटला जातो. तेच झालं. एक साधं पंक्चर होतं, दहा मिनिटांचं काम, त्याच्या चिंध्या झाल्या. गावातल्या पंक्चरवाल्याकडे सतराच्या, अठराच्या ट्यूबा टांगलेल्या होत्या. एकवीसची कुणाकडे असणार? गाडी पिकअपमध्ये घालून अक्कलकुव्याला उतरवली आणि रविवार गेला.

म्हणून माझ्या सीटखाली कायम पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब असते. नड पडली तर ती मागच्या १८ इंची चाकातही घडी सांभाळून बसवता येते आणि घरापर्यंत आणते, उलटं जमत नाही. सोबत टायर काढायच्या दोन लोखंडी पट्ट्या, आखाच्या मापाचा पाना, हातपंप. आणि हे सगळं घरी अंगणात एकदा करून बघायचं. तो पाना चाकाच्या नटला बसतो की नाही हे मोलगीत कळून उपयोग नाही. नव्या लोकांना हे सांगितलं की "यूट्यूबवर बघून घेईन" म्हणतात. सातपुड्यात रेंज असते का?

पट्ट्यांचं ते किट फेकू नका, चारचाकीत ठेवा.

बाकीच्या चुका थोडक्यात

हलकी म्हणजे बुटकी नव्हे. हिमालयनची सीट ८०० मिलिमीटरवर, एक्सपल्स फोर-व्हीची ८२५, आणि तिच्याच प्रो मॉडेलची ८९१. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर चप्पल घालून बसून निर्णय घेऊ नका. बूट घालून जा, उतारावर उभी करून बसा. एक पाय नीट टेकला तरी पुष्कळ. लगेच गाडी बुटकी करणारी लोअरिंग लिंक लावून शॉकअपची चाल बिघडवणारे मला आवडत नाहीत. आधी सीटवर सरकून एका पायावर थांबायला शिका.

हवा. जड गाडीचं पुढचं-मागचं प्रेशर डोक्यात पाठ असतं, तेच इथे भरतात. दगडधोंड्यावर गाडी चेंडूसारखी उडते आणि मग शॉकअपला दोष. गाडीवरच्या स्टिकरवरचा आकडा वाचा. खडी-मुरुमाला थोडं कमी करायचं असेल तर करा, पण ट्यूब आहे हे लक्षात ठेवून. फार कमी केलं तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते.

मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, शोरूममधून येतं तसंच ठेवून वर्ष काढणारे निम्मे तरी आहेत. आपण बसल्यावर मागची बाजू एकूण चालीच्या साधारण तिसरा हिस्सा दबायला हवी. कमी-जास्त असेल तर फिरवून घ्या. पैसे लागत नाहीत.

पेट्रोल. ४११ ची टाकी १५ लिटर, नव्या हिमालयन ४५० ची १७, एक्सपल्सची १३. कावासाकी केएलएक्स २३० घेत असाल तर फक्त ७.६. वजन कमी व्हायचं एक कारण हेही आहे. मी शहादा किंवा तळोदा सोडताना टाकी फुल करतो, काटा अर्ध्यावर असला तरी.

तेल. लहान इंजिन जास्त फिरतं आणि त्यात तेल थोडं असतं. भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना घाट चढून आलात तर दुसऱ्या दिवशी तेलाची पातळी बघायलाच हवी. एअर फिल्टर तर कापूस वेचणीच्या दिवसांतल्या धुळीत सर्विसिंगची वाट बघत बसत नाही. उघडा, बघा.

डबलसीट. घरच्यांना घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेला जायचं असेल तर स्कूटर काढा. वहिनी एकदा मागच्या सीटवर बसल्या की गाडी परत मोठी घ्या म्हणतील, आणि तेव्हा मला फोन करू नका.

जुनी विकतानाची घाई

नवीची बुकिंग झाली की जुनी अंगावर आल्यासारखी विकतात. आपल्याकडचं गिऱ्हाईक बऱ्याचदा बऱ्हाणपूरचं, सेंधव्याचं नाहीतर सुरतचं असतं. परराज्यात गाडी जात असेल तर आरटीओची एनओसी, फॉर्म २८, लागते. मालकी बदलायच्या फॉर्म २९ वर सही विकणाऱ्याची, ३० वर दोघांच्या. कर्ज असेल तर फॉर्म ३५ वर बँकेचा शिक्का आधी, मगच सौदा. सही केलेले कोरे फॉर्म देऊन चावी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवू नका. नोंदणीत नाव तुमचं राहिलं आणि पलीकडे अपघात झाला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, तो मालक. विक्रीची माहिती आरटीओला राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत द्यायची असते, परराज्यात गेली तर पंचेचाळीस दिवसांत.

आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जातो, फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर, थर्ड पार्टीवर नाही. जुनी विकल्यावर विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, नव्या गाडीच्या विम्याला लावता येतं. शोरूमचा पोरगा हे स्वतःहून सांगत नाही, नव्याचा पूर्ण हप्ता लावून मोकळा होतो. म्हणून डिलिव्हरीच्या आधी पत्र खिशात हवं.