हार्ड डिस्कचे क्लोनिंग कसे करावे आणि नव्या डिस्कवरून संगणक सुरू कसा ठेवावा

सेवा केंद्रातला संगणक मंदावला की ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला सर्वांत आधी मिळतो. परंतु यवतमाळ-वाशिमकडच्या गावांत, जिथे अंगठ्याच्या यंत्राचे ड्रायव्हर, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, प्रिंटर आणि मराठी फॉन्ट एकदाचे जुळवून घेताना ऑपरेटरची दमछाक झालेली असते आणि तालुक्याहून जाणकार माणूस येईपर्यंत पीक विम्याची मुदत संपत आलेली असते, तिथे सारे पुसून नव्याने मांडणे परवडत नाही. डिस्क पूर्ण बिघडण्याआधीच तिची हुबेहूब प्रत, म्हणजेच क्लोन, एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर) घेणे हा माझ्या मते अधिक चांगला मार्ग आहे.

प्रथम जुन्या डिस्कची प्रकृती तपासावी. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा दिसल्यास आधी महत्त्वाच्या फाइली वेगळ्या काढून घ्याव्यात, कारण क्लोनिंग करताना डिस्कचा मोठा भाग सलग वाचला जातो आणि मरणपंथाला लागलेली डिस्क त्या ताणानेच बंद पडू शकते. डिस्क ठीक असेल तर चेकडिस्क ही विंडोजची डिस्क-तपासणी चालवून त्रुटी दुरुस्त कराव्यात, विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे आणि बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून कुलूप काढून घ्यावे. फास्ट स्टार्टअप चालू राहिले तर विंडोज खऱ्या अर्थाने बंद होत नाही, आणि डिस्कच्या अशा अर्धवट मिटलेल्या विभागाची (पार्टिशनची) प्रत घेण्यास क्लोनझिला हा क्लोनिंगचा मोफत प्रोग्राम नकार देऊ शकतो.

आता या कामातली सर्वांत कळीची बाब. केवळ सी ड्राइव्हची प्रत केली तर सगळ्या फाइली नव्या डिस्कवर येतात, पण संगणक तीवरून सुरू होत नाही. बायोस म्हणजे बटण दाबताच संगणक जागा करणारा मूळ प्रोग्राम. विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये बायोस मोडपुढे यूईएफआय, म्हणजे नवी पद्धत, लिहिलेले असेल, तर विंडोजला जागे करणाऱ्या फाइली ईएफआय नावाच्या, बहुधा १०० एमबीच्या आणि एरवी न दिसणाऱ्या फॅट३२ (फाइली मांडण्याची एक पद्धत) विभागात असतात; बायोस मोडपुढे लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, लिहिलेले असेल, तर त्या ‘अॅक्टिव्ह’ अशी खूण असलेल्या विभागात आणि डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या एमबीआर नोंदीत असतात. म्हणून प्रत नेहमी संपूर्ण डिस्कची घ्यावी आणि बायोसमधला मोड मध्येच बदलू नये.

नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. ती साटा-यूएसबी केबलने (साटा हा डिस्कच्या जोडणीचा नेहमीचा प्रकार) जोडताना यूएसबी ३ चे, बहुधा निळे, पोर्ट वापरावे. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर ५०० जीबीला सुमारे दीड तास लागतो, आणि यूएसबी २ वर तेच काम चार तासांहून अधिक रेंगाळते. एवढ्या वेळात आपल्याकडे लाइन जाण्याची शक्यता असतेच, त्यामुळे डेस्कटॉप इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असल्याशिवाय आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असल्याशिवाय कामाला हात घालू नये. मे महिन्यात हे काम सकाळच्या गारव्यात करावे.

क्लोनझिलाच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर ‘डिव्हाइस-डिव्हाइस’ आणि पुढे ‘डिस्क टू लोकल डिस्क’ निवडावे. येथे पडद्यावर डिस्कची नावे एसडीए, एसडीबी अशी येतात, आणि त्यांतली एक खुद्द पेनड्राइव्हही असू शकते. नावावर विसंबू नये. दोन्ही डिस्कवरील स्टिकरवरून कंपनी, आकार आणि सिरियल नंबरचे शेवटचे आकडे आधीच लिहून ठेवावेत आणि ते पडद्याशी ताडून पाहावेत. आधी मूळ डिस्क विचारली जाते, नंतर लक्ष्य डिस्क, आणि लक्ष्य डिस्कवरचे सारे पुसले जाते. ही अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून होकाराचे ‘वाय’ दाबण्यापूर्वी ती ओळ पुन्हा वाचावी.

काम संपल्यावर संगणक बंद करून जुनी डिस्क काढावी, तिच्या जागी नवी बसवावी आणि पहिल्यांदा नव्या डिस्कवरच संगणक सुरू करावा. दोन्ही एकत्र जोडलेल्या राहिल्या तर त्यांचे ओळख-क्रमांक सारखेच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन ठेवते, किंवा संगणक नकळत जुन्याच डिस्कवरून सुरू होतो आणि आपले काम फत्ते झाले असा गैरसमज होतो.

तरीही विंडोज सुरू न झाल्यास घाबरू नये. यूईएफआय संगणकावर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हमधून कमांड प्रॉम्प्ट (कमांड टाइप करण्याची खिडकी) उघडावे, डिस्कपार्ट या कमांडने ईएफआय विभागाला एखादे अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट या कमांडला विंडोज फोल्डरचा पत्ता व ते अक्षर सांगून सुरुवातीच्या फाइली नव्याने लिहून घ्याव्यात. साटा डिस्कवरून एनव्हीएमई प्रकारच्या (साटाहून वेगळ्या, अधिक वेगवान जोडणीच्या) एसएसडीवर आल्यास विंडोजच्या त्रुटीचा निळा पडदा दिसू शकतो; एकदा सेफ मोडमध्ये सुरू केल्यावर तो बहुधा जातो.

नवी डिस्क मोठी असेल तर उरलेली जागा सी ड्राइव्हला लगेच जोडता येत नाही, कारण मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठीचा रिकव्हरी विभाग आडवा येतो. तो जीपार्टेड या विभाग सरकवणाऱ्या मोफत प्रोग्रामने शेवटी सरकवावा. जुनी डिस्क मात्र अंगठ्याचे यंत्र, टोकन आणि प्रिंटर नव्या डिस्कवर नीट चालतात याची खात्री होईपर्यंत पुसू नये, आणि ती धुळीपासून दूर, कोरड्या जागी जपून ठेवावी.