जोराचा पाऊस ‘स्ट्राँग’ नसतो

मराठीत पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत मात्र पाऊस ‘हेवी’ आणि वारा ‘स्ट्राँग’. किती पडलं हे सांगायचं असेल तर ‘हेवी’, किती रेटा होता हे सांगायचं असेल तर ‘स्ट्राँग’. वाऱ्याला ‘हाय विंड्स’ही चालतं, पण ‘स्ट्राँग रेन’ कुठेच चालत नाही. धो धो कोसळत असेल तर ‘टॉरेन्शियल रेन’ म्हणा.

‘सिव्हिअर’ जपून वापरा. बोलताना कुठल्याही मोठ्या वादळाला ‘सिव्हिअर स्टॉर्म’ म्हटलं तरी चालतं, पण भारतीय हवामान खात्याच्या भाषेत ‘सिव्हिअर सायक्लोनिक स्टॉर्म’ म्हणजे ताशी 89 ते 117 किलोमीटर वाऱ्याचं चक्रीवादळ. 118 ते 165 असेल तर ‘व्हेरी सिव्हिअर’. बातमीचा अनुवाद करताना ‘व्हेरी’ गाळलं की वादळाची श्रेणीच बदलते.

खरी अडचण क्रियापदांची. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं. हे इंग्रजीत लिहिताना ‘निसर्ग मेड लँडफॉल निअर अलिबाग’. ‘डिड लँडफॉल’ नाही, आणि मध्ये ‘अ’ही नाही. ‘हिट’ वापरायचं तर ‘हिट द कोस्ट’; आपल्या ‘वर’मुळे ‘हिट ऑन द कोस्ट’ लिहिलं जातं, तो ‘ऑन’ काढा. इशारा ‘गिव्ह’पेक्षा ‘इश्यू’ करतात: ‘इश्यूड अ वॉर्निंग’. झाडं उन्मळून पडली, तर ‘ट्रीज वेअर अपरूटेड’. पत्रे उडाले, तर ‘द रूफ वॉज ब्लोन ऑफ’. इथे ‘फ्ल्यू’ नको. लाइट गेली, तर ‘द पॉवर वेंट आउट’. ‘द लाइट वेंट’ ऐकून परक्या माणसाला उजेड गेल्यासारखं वाटेल. खवळलेला समुद्र ‘रफ सी’. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, ही सूचना ठरलेल्या शब्दांत येते: ‘फिशरमेन आर अ‍ॅडव्हाइज्ड नॉट टू व्हेंचर इन्टू द सी’. ती तशीच पाठ करा.

‘नुकसान’ हा शब्द सर्वांत जास्त फसवतो. ‘द स्टॉर्म डिड मेनी लॉसेस’ असं कुणी म्हणत नाही. ‘कॉज्ड वाइडस्प्रेड डॅमेज’ म्हणा. ‘डॅमेज’ला ‘एस’ लावू नका, कारण ‘डॅमेजेस’ म्हणजे कोर्टाकडून मिळणारी भरपाई.

वहीत एकटा शब्द उतरवू नका, जोडी उतरवा. ‘वॉर्निंग’ नव्हे, ‘इश्यू अ वॉर्निंग’. रोज एक बातमी घ्या, त्यातल्या पाच नामांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला कुठलं क्रियापद किंवा विशेषण चिकटलंय ते शेजारी लिहा. दुसऱ्या दिवशी नाम झाकून नव्हे, क्रियापद झाकून आठवून बघा. आपण अडतो ते तिथेच.

वादळ जमण्या-ओसरण्याचे शब्द त्यामानाने सोपे. वादळ जमू लागलं की ‘अ स्टॉर्म इज ब्रूइंग’, वारा सुटला की ‘द विंड पिक्ड अप’, पावसाचा जोर ओसरला की ‘द रेन लेट अप’. आणि वारा पडला? इथे मराठी मन थेट उपयोगी पडतं: ‘द विंड ड्रॉप्ड’.