‘गुडघे पुढे!’ ऐकू येतं, पण जमत नाही? स्की बूट आणि इनसोलच्या या चुका टाळा

डिसेंबर लागला की ठाणे-नवी मुंबईतून गुलमर्ग, औली, सोलांगला स्कीइंगसाठी बुकिंगं सुरू होतात. जॅकेट, थर्मल, गॉगल, हातमोजे यांच्या याद्या आठवडाभर फिरतात. बुटाचा विषय मात्र ‘तिथे भाड्याने मिळतात’ एवढ्यावर संपतो. मग तिसऱ्या दिवशीही प्रशिक्षक ओरडत असतो : गुडघे पुढे, वजन पुढे, मागे बसू नका! सांगितलेलं सगळं कळतं, पण पाय ऐकत नाहीत. अशा वेळी मांड्यांना किंवा वयाला दोष देण्याआधी बूट तपासा. स्कीला वळवणारा जोर नडगी, टाच आणि तळव्यातून बुटात जातो, बुटातून बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीत, आणि तिथून स्कीच्या कडेपर्यंत पोहोचतो. पाय बुटात हलत असेल, तर हा जोर वाटेतच विरतो.

‘माझा आठ नंबर’ असं सांगणं

आपल्याकडे बुटांचे नंबर यूके मापात चालतात आणि स्पोर्ट शूज आपण पुढे बोटभर जागा ठेवूनच घेतो. स्की बुटाचं माप म्हणजे मोंडोपॉइंट, म्हणजे सेंटिमीटरमध्ये पायाची सरळ लांबी. २६.५ म्हणजे २६५ मिलिमीटर. नेहमीच्या नंबरावरून तक्ता बघून काढलेला बूट बहुधा मोठाच निघतो.

माप घरीच घ्या आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभराच्या उभ्याने पाय थोडा फुगलेला असतो. भिंतीला लागून वर्तमानपत्र पसरा, टाच भिंतीला टेकवा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून उभे राहा आणि सर्वात लांब बोटाच्या टोकाशी खूण करा. खूण दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा. स्वतः वाकलात की वजन सरकतं आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजा. चवड्याची सर्वात रुंद जागाही मोजून ठेवा. वर्षाचे बरेच महिने चपलेत काढणाऱ्यांचा चवडा पुष्कळदा पसरलेला असतो. बुटांच्या रुंदीचे आकडे साधारण ९८ मिलिमीटर म्हणजे अरुंद, १०० मध्यम, १०२ आणि त्यापुढे रुंद असे असतात. ते २६.५ मापाच्या बुटाला धरून दिलेले असतात, म्हणून लहान-मोठ्या मापात रुंदीही बदलते. रुंद चवड्याच्या माणसाला अरुंद बूट टोचतो, मग तो एक माप वरचा बूट मागतो. रुंदीची अडचण लांबी वाढवून सोडवायला जाणं, ही सर्वात जास्त दिसणारी चूक. रुंद बूट मागा, लांब नको.

बुटाच्या टाचेजवळ प्लास्टिकमध्ये ३०५ किंवा ३१५ असा आकडाही कोरलेला असतो. ते पायाचं माप नव्हे, ती बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आहे आणि बाइंडिंग तिच्यावरून लावतात. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन बूट बदललात, तर स्कीही सोबत न्या आणि बाइंडिंग नव्या बुटाला पुन्हा लावून घ्या. बूट बदलला आणि बाइंडिंग तसंच राहिलं, तर पडताना ते सुटायच्या वेळी सुटत नाही किंवा नको तेव्हा सुटतं. दोन्हीत गुडघा धोक्यात येतो. इथे कंटाळा करू नका.

लायनर न काढता बूट पसंत करणं

भाड्याच्या बुटाचा आतला मऊ लायनर शेकडो पायांनी दाबलेला असतो. त्यामुळे दुकानात बूट घालून ‘छान बसतोय’ म्हणणं भरवशाचं नाही. खरी परीक्षा बाहेरच्या रिकाम्या कवचात, म्हणजे शेलमध्ये होते. लायनर बाहेर काढा, नुसता मोजा घालून पाय शेलमध्ये घाला आणि बोटं पुढच्या भिंतीला जेमतेम टेकतील इतका पुढे सरका. आता गुडघा थोडा वाकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. दीड ते दोन सेंटिमीटर असेल, तर नवख्यासाठी बूट योग्य. अडीचच्या पुढे गेलं तर तो बूट ठेवून द्या, आत कितीही मऊ वाटला तरी. एक सेंटिमीटरहून कमी असेल तर तो शर्यतीच्या बसणीचा, सुट्टीच्या कामाचा नाही.

दुकानदाराने अर्धं माप कमी करून दिलं तर फारसा फरक पडत नाही. बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं कवच एकच असतं, बदल होतो तो लायनरमध्ये किंवा तळातल्या पट्टीत. खरा फरक हवा तर पूर्ण एक माप खाली उतरा.

लायनर परत घालून सरळ उभे राहिलात की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत. इथेच सगळे घाबरतात आणि मोठा बूट मागतात. गुडघे वाकवून नडगी पुढच्या जिभेवर दाबा. टाच मागे खिशात सरकते आणि बोटं मोकळी होतात. बूट तपासायचा तो या स्थितीत, कारण स्कीइंग याच स्थितीत करायचं असतं.

मोठा बूट तंत्र कसं बिघडवतो, ते क्रमाने पाहू. पुढे झुकताच टाच उचलली जाते. टाच सुटली की पायाची बोटं आपोआप आवळून तळ पकडायला लागतात, आपण चपलेत धावतो तेव्हा पकडतात तशी. बोटं आवळली की घोटा वाकत नाही, वजन मागे जातं आणि स्कीची टोकं हलकी होऊन भरकटतात. तोल सांभाळण्याचं सगळं काम मांडीच्या पुढच्या स्नायूवर पडतं, म्हणून दोन फेऱ्यांत मांड्या जळायला लागतात. वळताना आधी पाय बुटाच्या आत कलंडतो, मग बूट कलंडतो, मग स्की. या उशिरामुळे माणूस खांदे फिरवून वळायला बघतो. प्रशिक्षकाला खांदे दिसतात, तो खांदे दुरुस्त करत बसतो.

सैल बूट बकलने आवळणं

मोठ्या बुटाची बकल कितीही आवळली तरी टाच धरली जात नाही. फक्त पायाच्या माथ्यावरची रक्तवाहिनी दाबली जाते आणि बोटं बधिर होतात. गारठ्यात बधिर झालेला पाय नुसता दुखत नाही, तो तळाचा अंदाजच सांगत नाही.

बूट घालायची पद्धत अशी. जीभ सरळ ठेवा, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. वरून दुसरं, म्हणजे घोट्याजवळचं बकल हलकं लावा आणि आठ-दहा वेळा गुडघे पुढे दाबा. मग सर्वात वरचं बकल लावा, त्यावर रुंद पट्टा घट्ट ओढा. खालची दोन शेवटी : पायाच्या माथ्यावरचं बेताचं आणि बोटांवरचं केवळ मिटण्यापुरतं. दोन फेऱ्यांनंतर लायनर गरम होऊन दबतो, तेव्हा वरची दोन एक खाच पुढे घ्या. गुलमर्गच्या गोंडोलात (रोपवेत) बसलात की सगळी सैल करा आणि वर उतरल्यावर पुन्हा लावा.

मोजा एकच घाला, पातळ, गुडघ्याखालपर्यंतचा, लोकरीचा किंवा लोकर-नायलॉन मिश्र. थंडीच्या भीतीने दोन-दोन मोजे चढवले की आत घड्या पडतात, रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतो. थर्मलची पँट बुटाच्या वर संपली पाहिजे. नडगी आणि जिभेमध्ये मोज्याशिवाय काहीही नको. एक शिवण दिवसभर नडगी सोलायला पुरते.

इनसोलला ‘गादी’ समजणं

बुटासोबत येणारी तळाची पट्टी, म्हणजे इनसोल, बहुतेक वेळा पातळ आणि सपाट असते. ती बदलणं हा सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी बदल आहे, पण लोक मेडिकलच्या दुकानातली मऊ जेलची पट्टी आणतात आणि तिथे फसतात. चालताना मऊपणा बरा वाटतो. स्कीवर मात्र पाय टाचेवरून चवड्यावर गुंडाळला जात नाही, तो एकाच जागी दाब देत उभा असतो. तळ मऊ असला की प्रत्येक दाब आधी जेल खाते. इथे हवी असते ती टाचेला खोलगट वाटीत धरणारी आणि कमानीखालची पोकळी भरणारी बऱ्यापैकी कडक पट्टी.

आंघोळ करून बाहेर आलात की ओला पाय वर्तमानपत्रावर ठेवा. संपूर्ण तळवा उमटला तर कमान बसकी. टाच आणि चवडा यांना जोडणारी बारीक कड उमटली किंवा मधला भाग कोराच राहिला तर कमान उंच. मग आरशासमोर एका पायावर उभे राहून गुडघा थोडा वाकवा. तो अंगठ्याच्या आत झुकत असेल, तर बुटातही तेच होणार.

बसक्या कमानीचा पाय दाबाखाली आत लोळतो, त्यामुळे स्की सपाट सरकत नाही, सतत आतल्या कडेवर राहते. गुडघे एकमेकांकडे वळतात, ते वेगळंच. कमान बसताना पाय काही मिलिमीटर लांबही होतो आणि अंगठ्याचं नख पुढे आपटतं. पुष्कळांना वाटतं बूट लहान आहे; आधार दिला की तीच बोटं मोकळी होतात. म्हणून आधी इनसोल बसवा, मगच मापाचा निर्णय घ्या. उंच कमानीचा त्रास वेगळा : सगळं वजन टाच आणि चवडा या दोनच ठिकाणी पडतं, आणि माथा वर असल्याने बकल तिथेच रुततं. पोकळी भरली की दाब पसरतो.

पट्टी ठाण्यातच घेऊन किंवा ऑर्थोटिस्टकडे (पायाला आधार देणारी साधनं बनवणाऱ्याकडे) बनवून घेऊन जा. भाड्याच्या बुटातही ती घालता येते. बनवून घेताना सांगा की बुटाचा तळ अजिबात वाकत नाही आणि बोटांखालचा भाग पातळ हवा. जुनी पट्टी काढून टाका, एकावर एक ठेवू नका. माथ्यावरची जागा संपते. नवी पट्टी जुनीच्या मापाने पुढून कापा, एका वेळी मिलिमीटरभरच. टाचेकडून कधीच कापू नका. कमानीखाली आधार जाणवावा, पण गोटी ठेवल्यासारखं टोचू नये. वीस मिनिटं उभं राहून पेटका आला तर उंची जास्त आहे.

मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी असेल तर ‘दुखत नाही’ या खुणेवर विसंबू नका. दर विश्रांतीला बूट काढून लाल डाग पाहा.

आखडलेल्या घोट्याकडे दुर्लक्ष

बुटाचा कफ, म्हणजे नडगीभोवतीचा वरचा भाग, मुळातच थोडा पुढे झुकलेला असतो. घोटा तेवढा वाकत नसेल तर टाच उचलली जाणार, मग बूट अगदी मापाचा असला तरी. टाचा टेकवून उकिडवं बसता येत असेल तर काळजी नको. मागे कलंडत असाल तर भिंतीची चाचणी घ्या : अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. अंतर पाच-सहावर आणावं लागत असेल, तर लायनरखाली टाचेच्या जागी ३ ते ६ मिलिमीटरची कडक चकती लावून बघा. पोटरीचे ताण मात्र जायच्या महिनाभर आधी सुरू करा. ठाण्याजवळच्या येऊरचा चढ रोज चालणाऱ्याची पोटरी मजबूत असते, पण ताण दिला नसेल तर आखडलेलीही असते.

घरच्या बुटाला माळ्यावर विसरणं

परदेशातल्या नातेवाइकाने दिलेला जुना बूट आपल्या दमट हवेत लवकर खराब होतो. अनेक बुटांचं प्लास्टिक पॉलियुरेथेनचं असतं आणि उष्ण, ओलसर हवेत ते आतून कुजत जातं. वरून चांगला दिसणारा बूट बर्फात पहिल्याच दाबाला फुटू शकतो. निघण्याआधी बकलच्या खिळ्यांजवळ आणि टाचेजवळ बारीक चिरा शोधा. ठाण्याच्या ३० अंशांत सहज वाकणारा बूट शून्याखाली बराच कडक होतो, हेही धरून चाला.

पावसाळ्यात लायनर वेगळा ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि शेलची बकल हलकी लावून ठेवा, म्हणजे आकार टिकतो. सहलीत रोज रात्री लायनर आणि इनसोल बाहेर काढून खोलीच्या उबेत सुकवा, पण बुखारीपासून (खोली तापवायच्या शेगडीपासून) चार-पाच फूट लांब. जवळ ठेवलेल्या लायनरचा फोम मऊ होऊन बसतो, आणि सकाळी तोच मापाचा बूट सैल लागतो.