सिपोरेक्सच्या भिंतीवर स्वयंपाकघराचं कपाट लावताना

ओट्यावरती कपाट करून घ्यायचं म्हटलं की लोक प्लायचा ग्रेड विचारतात, सनमायकाचा रंग विचारतात, बिजागऱ्या कुठल्या कंपनीच्या ते विचारतात. भिंत कशाची आहे, ते कुणी विचारत नाही. मी सुताराची मुलगी; माझं काम तिथूनच सुरू होतं.

तीन फूट लांब, दोन फूट उंच, एक फूट खोल असं १८ मिमी प्लायचं कपाट दारांसकट साधारण २० ते २२ किलो भरतं. त्यात डाळी-तांदळाचे स्टीलचे डबे, काचेच्या बरण्या आणि पाहुण्यांसाठी राखलेला डिनर सेट गेला की साठ किलो सहज होतात. हे सगळं चार-सहा स्क्रूंवर लटकणार.

म्हणून कपाटामागे झाकलं जाईल अशा जागी ६ मिमीचं एक भोक पाडून पूड बघा. लाल आली तर वीट. फिकट राखाडी, पिठूळ आली आणि ड्रिल विनासायास आत गेलं तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची भिंत. नव्या टॉवरमध्ये आतल्या भिंती बऱ्याचदा याच असतात. करडी पूड येऊन ड्रिल दोन सेंटिमीटरवर नुसतंच घुमायला लागलं तर आरसीसी, म्हणजे सळईचं काँक्रीट. सुरुवातीला पांढरी आली तर फसू नका, तो जिप्समचा थर असतो; खरी भिंत त्याच्या मागे. आणि भोक पाडण्याआधी स्विचबोर्ड आणि नळ कुठे आहेत ते बघा. वायरी आणि पाइप बहुधा त्यांच्या सरळ वर-खाली गेलेले असतात, तो पट्टा सोडून द्यायचा.

विटेची भिंत असेल तर चिंता कमी. ८ मिमीची गिट्टी (भोकात ठोकायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लास्टिकची नळी), ५ मिमी जाडीचा, ७५ मिमी लांबीचा स्क्रू, आणि गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे, दोन विटांमधल्या दरजेत नाही. आरसीसीला रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटसाठीचं दणकट ड्रिल, भाड्याने आणा. आत सळई लागली तर तिच्याशी भांडू नका, भोक इंचभर सरकवा.

खरी कसोटी सिपोरेक्सची. ड्रिलचा हॅमर बंद, नुसतं फिरवायचं. हॅमर चालू ठेवला की भोक मोठं होतं आणि गिट्टी आत गरगर फिरते. लोखंडी अँकर फास्टनर इथे चालत नाही, तो आत फुगतो आणि ब्लॉक तडकतो. मी १० मिमी जाडीची, १०० मिमी लांब नायलॉनची गिट्टी वापरते, कपाट टांगायच्या लाकडी पट्टीतून (ती पुढे सांगते) आरपार जाणारी. पट्टीचे १८ आणि प्लास्टरचे १२ मिमी वजा केले की ब्लॉकमध्ये ७० मिमी उरतात. भिंत चार इंची असली तरी शेजारच्या खोलीत टोक निघत नाही. भोकातली पूड सायकलच्या पंपाने उडवून टाका. पूड राहिली की गिट्टी धरत नाही, आणि हे काम नव्वद टक्के मिस्त्री करत नाहीत, असं माझं मत.

काळे ड्रायवॉल स्क्रू मात्र घेऊ नका. स्वस्त पडतात, पण ठिसूळ असतात, वजनाखाली वाकण्याऐवजी तुटतात.

आता टांगण्याची पद्धत. कपाटाच्या ६ मिमीच्या पाठीतून स्क्रू मारून मोकळं होणारे बरेच आहेत. ती पाठ नुसती झाकण असते. १८ मिमी प्लायची सहा इंच रुंद, कपाटाएवढी लांब पट्टी घ्या आणि मधोमध ४५ अंशांच्या तिरक्या कापाने उभी चिरून घ्या. एक तुकडा भिंतीवर, तिरकी कड वर आणि तिचं टोक भिंतीपासून लांब, म्हणजे भिंत आणि पट्टी यांच्यात खाच तयार होते. दुसरा कपाटाच्या मागे, वरच्या बाजूला, उलटा. हा तुकडा कपाटाच्या आतल्या पट्टीला आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांना स्क्रू आणि फेविकॉलने जखडा. भिंतीवरच्या तुकड्याला तीन फुटांत निदान पाच गिट्ट्या. कपाट उचलून खाचेत सोडलं की बसलं. खाली मागे १८ मिमीचीच दुसरी पट्टी लावा, नाहीतर कपाट भिंतीकडे कलतं. वर लॉफ्ट असेल तर अडीच सेंटिमीटर जागा मोकळी हवी, नाहीतर उचलून खाचेत सोडताच येणार नाही.

रेघ मारायला लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, सर्वात भरवशाची. छत किंवा ओटा बघून माप घेऊ नका, दोन्ही सरळ असतीलच असं नाही. ओट्यापासून दोन फूट हा सुतारांचा ठरलेला आकडा. मी पाच फुटांची, मी वीस इंचांवर लावून घेतलं. मिक्सर भांड्यासकट मापा आणि मगच ठरवा. भिंतीला पोट असेल तर मागे पाचरी मारा. स्क्रू आवळून कपाट ओढलंत तर चौकट पिळते आणि दारं जुळत नाहीत.

दारं काढून ठेवूनच कपाट चढवा, आणि खाली हात द्यायला दुसरं माणूस हवंच. बसल्यावर खालच्या पट्टीतून भिंतीत दोन स्क्रू मारा, म्हणजे साफसफाईत कुणी धक्का दिला तरी ते खाचेतून वर उचललं जाणार नाही. मग दारं, मग डबे. जड ते खालच्या फळीवर. ज्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, तिच्यावर मात्र गळती बंद होईपर्यंत हे काहीच करू नका.