आधी तक्ता, मग पिना

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आम्ही टर्की टॉवेलच्या मागांवरच्या इलेक्ट्रॉनिक जकार्डसाठी, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रासाठी, कंट्रोल बोर्ड बनवतो. धागे उचलणारे हुक शेकड्यांनी, म्हणून एफपीजीएच्या (आतलं सर्किट आपण ठरवायची चिप) पिनाही भरपूर. कुठला सिग्नल कुठल्या पिनवर, हे सांगणाऱ्या कन्स्ट्रेंट फाईलमध्ये त्या मी हाताने टाईप करत नाही. एक्सेलमध्ये लिहायच्या, फाईल तिथूनच काढायची.

कोऱ्या शीटने सुरुवात करू नका. आर्टिक्स ७ ही एफपीजीए घेतलीत तर तिची पॅकेज फाईल कंपनीच्या साईटवर मिळते. पिन, तिचं पूर्ण नाव, बँक (पिनांचा गट), सगळं त्यात असतं. ती पहिल्या शीटवर टाका आणि पुन्हा हात लावू नका. दुसऱ्या शीटवर आपले रकाने: सिग्नल, पिन, बँक, व्होल्टेज, कनेक्टर, हुक नंबर. यातली बँक व्हीलुकअप या शोधायच्या फॉर्म्युल्याने पहिल्या शीटवरून ओढायची. फायदा असा की बीजीएच्या (खाली गोळ्यांच्या जाळीसारख्या पिना असलेल्या चिपच्या) ओळींना आय, ओ, क्यू, एस, एक्स, झेड ही अक्षरं नसतातच. कुणी घाईत शून्य-ओचा घोळ केला की समोर लगेच एरर दिसतो.

खरं बघायचं ते बँकेत. एका बँकेला आउटपुटचा पुरवठा एकाच व्होल्टेजचा. सोलेनॉइड (हुकाचं विद्युतचुंबक) चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या ३.३ व्होल्टच्या लायनी जिथे आहेत, तिथेच १.८ व्होल्टचा आउटपुट बसणार नाही. बँकेवर फिल्टर लावा. व्होल्टेजच्या रकान्यात दोन आकडे दिसले तर पीसीबी छपाईला पाठवू नका. मुख्य क्लॉक नावात एमआरसीसी किंवा एसआरसीसी असलेल्या, म्हणजे क्लॉकसाठीच्या, पिनवरच द्या. एकच पिन दोनदा आली का, ते काउंटइफ हा मोजायचा फॉर्म्युला सांगतो. तो खाना लाल होऊ द्या.

एक्सेलची एक खोड: कनेक्टरचा '३-४' लिहिला की त्याची तारीख करून टाकतं. रकाना आधीच टेक्स्ट करा. सॉर्ट करताना पूर्ण तक्ता निवडा, नाहीतर सिग्नल एकीकडे आणि पिना भलतीकडे.

मग शेवटच्या रकान्यात '&' वापरून कन्स्ट्रेंट फाईलची ओळ जोडा. विवाडोला (आर्टिक्सचं डिझाईन सॉफ्टवेअर) प्रत्येक पोर्टची, म्हणजे सिग्नलची, पिन आणि आयओ स्टँडर्ड (सिग्नलच्या व्होल्टेजचा प्रकार) दोन्ही लागतात. एक राहिलं तर बिटस्ट्रीम, म्हणजे चिपमध्ये भरायची फाईल, अडते. बसच्या (एका नावाखालच्या अनेक लायनींच्या) नावात चौकटी कंस असतात, म्हणून नाव महिरपी कंसात घाला. दुसऱ्या कंपनीचं क्वार्टस सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हा उद्योग नको, ते एक्सेलमधून काढलेली सीएसव्ही फाईल थेट आत घेतं.

वायरमनसाठी तोच तक्ता कनेक्टरप्रमाणे लावून छापा. त्याला बँक-बिंक नको असते; कनेक्टर आणि हुक नंबर, बस्स.