ब्राउनस्टोनमधलं गार्डन अपार्टमेंट भाड्याने घेताय? या चुका टाळा

ब्रुकलिनची जुनी गल्ली, तपकिरी दगडाच्या घरांची रांग, मागे अंगण, आणि भाडं वरच्या मजल्यांपेक्षा जरा कमी. न्यूयॉर्कमध्ये राहणारा मराठी माणूस ‘अंगण’ म्हटलं की विरघळतो. आम्हीही विरघळलो.

कोरड्या दिवशी घर बघणं

आम्ही घर पाहिलं जूनमधल्या लख्ख दुपारी. गार्डन लेव्हल म्हणजे रस्त्यावरून दोन-चार पायऱ्या खाली उतरायचं आणि मुख्य जिन्याच्या पोटातल्या दारातून आत शिरायचं. त्या दारासमोर फरशीत एक जाळी असते, हाताच्या पंजाएवढी. खोलगट जागेत साचलेलं पावसाचं पाणी जायला तेवढीच वाट. ऑक्टोबरात पानगळ झाली, जाळीवर ओली पानं चिकटून बसली आणि एका रात्रीच्या पावसात उंबऱ्याखालून पाणी आत आलं. सकाळी चपला पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला. घरमालक म्हणाले, “पानं तुम्ही काढायची.” लीजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

म्हणून जमलं तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी जा. भिंतीचा खालचा हातभर भाग बघा: पोपडे आलेत का, रंग फुगलाय का, की तेवढाच पट्टा नुकता रंगवलाय? भिंतीतल्या कपाटात डोकं घालून वास घ्या. घरात सुगंधी मेणबत्ती जळत असेल तर जरा जास्तच वेळ घ्या. जाळी कोण साफ करणार ते लीजमध्ये लिहून घ्या. २०२३ पासून न्यूयॉर्क राज्यात घराचा पुराचा इतिहास लीजमध्ये सांगणं मालकाला बंधनकारक आहे. तो भाग वाचल्याशिवाय सही करू नका.

हे सगळं अति वाटत असेल तर १ सप्टेंबर २०२१ ची रात्र आठवा. इडा वादळाच्या उरल्यासुरल्या ढगांनी सेंट्रल पार्कात तासाभरात ३.१५ इंच पाऊस ओतला. शहरात १३ जण गेले, त्यांतले ११ तळघरातल्या घरांमध्ये. खिडक्यांना गज असतील तर किमान एक तरी आतून, किल्लीशिवाय उघडतो का, हे स्वतः उघडून बघा.

‘गार्डन’ या नावावर विश्वास ठेवणं

जाहिरातीत काहीही गार्डन असतं. शहराच्या नियमात फरक आहे तो बेसमेंट आणि सेलरमध्ये. निम्मी किंवा जास्त उंची फूटपाथच्या कडेच्या पातळीवर असेल तर बेसमेंट. निम्म्याहून जास्त खाली असेल तर सेलर. एक-दोन कुटुंबांच्या घरातला सेलर राहायला भाड्याने देणं सहसा बेकायदा असतं. तपासणी झालीच तर घर रिकामं करण्याचा आदेश निघतो, आणि बॅगा भाडेकरूला भराव्या लागतात. बिल्डिंग खात्याच्या साइटवर पत्ता टाकून ‘सर्टिफिकेट ऑफ ऑक्युपन्सी’ (इमारतीचा कोणता वापर कायदेशीर आहे हे सांगणारा दाखला) बघा. १९३८ च्या आधीच्या घरांना ते नसूही शकतं, तेवढ्याने घाबरू नका. मग मालकाकडे ‘लेटर ऑफ नो ऑब्जेक्शन’, म्हणजे त्या वापराला हरकत नसल्याचं खात्याचं पत्र, मागा.

“लँडमार्क आहे, काही करता येत नाही”

दुरुस्ती मागितली की मालकाकडून हे वाक्य तुम्ही ऐकणारच. लँडमार्क म्हणजे शहराने जपण्यासाठी यादीत घातलेली जुनी इमारत. ब्रुकलिन हाइट्स १९६५ मध्ये शहरातला पहिला ऐतिहासिक विभाग ठरला, त्यानंतर कितीतरी गल्ल्या यादीत आल्या. तिथे दर्शनी खिडक्या बदलायला परवानगी लागते, खरं आहे. पण फटी बुजवणं, फुटलेली काच बदलणं ही रोजची डागडुजी. त्याला परवानगी लागत नाही.

हीटिंगचंही तसंच. १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात, सकाळी ६ ते रात्री १०, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर घरात किमान ६८ हवं. रात्री बाहेर कितीही असो, घरात किमान ६२. दमट तळमजल्यावर हे आधी जाणवतं. थर्मामीटर टांगा, वेळेसकट फोटो काढा, मालकाला लेखी कळवा आणि तरी हललं नाही तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रार क्रमांकावर, फोन करा.

अंगण कोणाचं, हे न विचारणं

मागचं दार तुमच्या घरातून उघडतं म्हणून अंगण तुमचं होत नाही. ‘फक्त या भाडेकरूसाठी’ असं लीजमध्ये हवं. बॉयलर आणि फ्यूज बोर्डाची वाट तुमच्या स्वयंपाकघरातून तर जात नाही ना, हेही विचारा. आमच्याकडे जात होती. दुरुस्तीवाला शनिवारी सकाळी सातला हजर.

पैशाचं थोडक्यात: डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, आणि जून २०२५ पासून ब्रोकर ज्याने नेमला त्यानेच त्याची फी द्यायची.

भाडेकरूंच्या साध्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो, आणि चारही बाजूंनी जमिनीखाली असलेल्या मजल्यावरच्या सामानाला त्यात फारच थोडं मिळतं. तुमचं मागचं दार सरळ अंगणाच्या पातळीवर उघडतं की तिथेही पायऱ्या चढाव्या लागतात, हे एजंटला आधी सांगा. पॉलिसी लागू व्हायला साधारण ३० दिवस जातात, तेव्हा वादळाची बातमी लागल्यावर फोन करून उपयोग नाही.